इकडून बोल

१

लग्नाला पाच आठवडे उरले होते. दर शनिवारी दुपारी धाकटीने ताईच्या जेवणाच्या टेबलाशी हजर व्हायचं, हे ठरूनच गेलं होतं. दवाखाना शनिवारी एकला बंद व्हायचा. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही भान न ठेवता ती दोन गल्ल्या ओलांडून ताईकडे यायची. मग चहा, एक जाडजूड वही, आणि मधुचंद्राच्या गप्पा.

लग्न म्हणजे नोंदणी कचेरीतला दहा मिनिटांचा मामला होता. चार सह्या केल्या की सुटलो. त्यामुळे सगळी हौस त्या सात दिवसांवर येऊन बसली होती. बेट ताईनेच सुचवलं होतं. सहा वर्षांपूर्वी ती आणि भाऊजी तिथेच गेले होते. एक दिवस गाडीचा प्रवास, मग दोन तास बोट. समुद्राकडे तोंड केलेली पाच लाकडी घरं, प्रत्येक घराला व्हरांडा, व्हरांड्यासमोर दोन माडांच्या मध्ये बांधलेला जाळीचा झोपाळा. खोलीत घड्याळ नाही, टीव्ही नाही.

धाकटीचा होणारा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा आणि धाकटी कानाच्या डॉक्टरांकडे कान तपासायची. एकाने बघायचं, एकीने ऐकायचं, झाला तुमचा संसार, असं भाऊजी गमतीने म्हणायचे. चष्मेवाल्याला पाण्यात डोकं घालून मासे बघायचे होते. धाकटीला काहीच करायचं नव्हतं. दिवसभर लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवून ती विटली होती. सात दिवस झोपाळ्यात पडून राहायचं आणि लाटांशिवाय कुणाचं काही ऐकायचं नाही, एवढीच तिची मागणी होती.

ताई हे सगळं वहीत टिपून घ्यायची. त्या शनिवारी तिने बेटावरच्या गेस्ट हाऊसला फोन लावला. कोपऱ्यातलं घर मिळेल का, सकाळचा नाश्ता व्हरांड्यात आणून देतील का, पलंगावर मच्छरदाणी असते का, असं एकेक विचारत ती लिहीत होती. धाकटी समोर बसून चहात बिस्किट बुडवत होती. बिस्किट तुटून कपात पडलं. ते चमच्याने काढताना तिने सहज वर बघितलं.

ताईने फोन डाव्या खांद्यावर ठेवून मान तिरकी केली होती. उजवा हात मोकळा होता आणि ती भराभर, सरळ रेषेत लिहीत होती.

कोणीही असंच करतं. उजव्या हाताने लिहिणारा माणूस फोन डाव्या कानालाच लावतो. फक्त ताईला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. वयाच्या नवव्या वर्षापासून.

२

गालगुंडं आधी धाकटीला झाली होती, पाच वर्षांची असताना. तिला आठवड्यात बरं वाटलं. ताईने मात्र तिच्याकडून ती घेतली आणि त्यात तिचा डावा कान गेला. आतली नसच गेली. अशी नस पुन्हा उगवत नाही, हे धाकटीला शिकताना कळलं. किंबहुना ती हे शिकायला गेली तीच त्या कानापायी. मशीनवर बसून तिने काढलेला आयुष्यातला पहिला आलेख ताईचा होता, ताईच्या लग्नाच्या तीन महिने आधीचा. उजव्या कानाचे लाल गोल वर ओळीने मांडलेले, आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या पार तळाशी, खाली बाण काढलेल्या. म्हणजे यंत्राचा आवाज संपला, पण कानाने दाद दिली नाही.

त्या कानाभोवती घरातल्या कितीतरी सवयी फिरत होत्या. ताईच्या उजवीकडे चालायचं. टेबलाशी तिच्या उजवीकडे बसायचं. धाकटी विसरून दुसऱ्या बाजूने काही बोलायला लागली, की ताई तिची हनुवटी धरून तिचं तोंड वळवायची आणि म्हणायची, ‘इकडून बोल गं, माठे.’ लिहिताना फोन उजव्या कानाला लावायची, म्हणून तिला वाकडं होऊन डाव्या हाताने कागद दाबत लिहावं लागायचं. तिचं अक्षर कायम उताराला लागलेलं असायचं.

ताईच्या घरून परतताना धाकटीने स्वतःची समजूत घातली. ताई फक्त फोन धरून बसली असेल, ऐकत नसेल. पण मग तिने मच्छरदाणीबद्दल लिहून कसं घेतलं? आवाज मोठा असेल, हाडातून उजव्या कानापर्यंत गेला असेल. तसं होतं, ती रोज बघायची. तिच्या खुर्चीत बसलेली माणसं कधीकधी नसलेल्या आवाजालाही बटण दाबतात, कारण त्यांना ऐकू यायला हवं असतं. माणसाचं मन रिकामी जागा भरून काढतं. तिचंही काढत असेल.

तरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती आली नसती तर बरं झालं असतं. मधुचंद्राहून परत आल्यापासून ताईने तिला एकदाही माठे म्हटलं नव्हतं. संसारात पडल्यावर माणूस मवाळ होतं, असं समजून धाकटीने ते सोडून दिलं होतं.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने ताईच्या वहीतून उतरवून घेतलेला नंबर फिरवला. निमित्त तयार होतं, उशा मऊ असतात का कडक. फोन गेस्ट हाऊसच्या मालकिणीने उचलला. बाई बोलायला मोकळी होती. उशा बघून सांगते म्हणाली आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून गेली.

धाकटी दवाखान्यात कान तपासायच्या आवाजबंद खोलीत बसली होती. तिथे स्वतःच्या गिळण्याचाही आवाज येतो. फोनमधून आधी पंख्याची घरघर आली. मग लाटा. मग अनवाणी पावलं, लाकडावरची, सावकाश जवळ येणारी. पावलं थांबली. कुणीतरी टेबलावरचा रिसीव्हर किंचित सरकवला.

‘इकडून बोल,’ एक बाई म्हणाली. ‘त्या बाजूने नको. इकडून.’

धाकटीने फोन कानाशी घट्ट दाबला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मग दुरून मालकिणीची हाक आली, पावलं लगबगीने लांब गेली, आणि मालकीण फोनवर येऊन म्हणाली की उशा दोन्ही प्रकारच्या आहेत.

कोण बोललं, असं धाकटीने विचारलं. इथे दुपारी कोणी नसतं, असं सांगून मालकिणीने फोन ठेवला.

३

हे कुणाला सांगायचं? चष्मेवाल्याला सांगितलं तर त्याने हसून तिचेच कान तपासून घ्यायला सांगितलं. सहज बोलला तो, त्यात खोडी नव्हती. तिलाही ते पटलं. दिवसभर आवाज काढून दाखवणाऱ्या बाईला एखादा आवाज जास्तीचा ऐकू येणारच. तिने शुक्रवारपर्यंत कामात मान घातली.

शनिवारी ती ताईच्या टेबलाशी नेहमीच्याच जागी बसली. ताई त्या दिवशी फार खुशीत होती. तिने आवळेजावळे दोन टॉवेल आणले होते, समुद्रावर न्यायला. कोपऱ्यातलं घर पक्कं झालंय, आता फक्त बोटीची वेळ विचारायची, असं म्हणत तिने नंबर लावला. हात ओले होते म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला.

मालकिणीने बोट मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला लागते, अर्धा तास थांबते, असं सांगितलं. ती पुढे काहीतरी सांगत होती, तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला. या वेळी लांबून, ओरडून मारलेली हाक. शब्द कळले नाहीत. पण हाक मारताना शेवटचं अक्षर वर नेऊन एकदम सोडून द्यायची एक लकब असते. ती लकब एकाच माणसाची होती, आणि ते माणूस धाकटीच्या समोर हात पुसत बसलं होतं.

धाकटीने आवाजाकडे लक्ष दिलं नाही. तिने ताईकडे बघितलं. एखादा माणूस आवाज ऐकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, हे बघणं तिचं रोजचं काम होतं. डोळ्यांच्या कडा किंचित आवळतात. ताईच्या आवळल्या. तिचा पुसता हात नॅपकिनवर थबकला. मग तिने शांतपणे स्पीकर बंद केला, फोन उचलून डाव्या कानाला लावला, लगेच सावरून उजव्या कानाला लावला, आणि ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून दिला.

लाइन फार खराब आहे तिकडची, ती म्हणाली.

आतल्या खोलीत भाऊजींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

४

दवाखान्यात नवं यंत्र आलंय, ते नीट चालतंय का बघायला ओळखीचा कान हवा, अशी थाप मारून धाकटीने ताईला सोमवारी बोलावलं. ताई लगेच कबूल झाली. तिने कधी कशाला नाही म्हटलंच नव्हतं, निदान या सहा वर्षांत.

आवाजबंद खोली म्हणजे एक मोठं कपाटच. भिंतींना राखाडी स्पंज, जाड दार, आणि एका बाजूला काचेची खिडकी. रुग्ण आत, यंत्र आणि धाकटी बाहेर. बोलायचं ते माइकमधून. धाकटीने ताईच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, ऐकू आलं की दाबा. दार ओढून घेताना त्याच्या रबराचा ओला आवाज झाला.

उजवा कान आधी झाला. लाल गोल वर ओळीने पडत गेले, जुन्या आलेखासारखेच. मग तिने डावा कान घेतला. असा कान तपासताना चांगल्या कानात घोंगावणारा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं, नाहीतर तोच लबाडी करून उत्तर देतो. तो आवाज तिने सोडला. डाव्या बाजूला अगदी बारीक शिट्टी दिली, झाडाचं पान पडावं इतकी.

हिरवा दिवा लागला.

तिने आणखी खाली नेली. दिवा लागला. दुसरा सूर, तिसरा सूर. प्रत्येक वेळी दिवा लागला. निळ्या फुल्या लाल गोलांशेजारी चढून बसल्या. असा कान तिने लहान मुलांचाच बघितला होता. एकही दिवस जुना न झालेला.

चौथ्या सुराला दिवा लागला नाही. पाचव्यालाही नाही. धाकटीने मान वर केली. ताई काचेतून तिच्याकडेच बघत होती. तिने बटण मांडीवर ठेवून दिलं होतं.

‘चुकलंच माझं,’ ताई माइकमध्ये म्हणाली. आवाज धाकटीच्या हेडफोनमध्ये अगदी कानाशी आला. ‘तुझ्यापुढे ऐकायला नको होतं मी.’

धाकटीने विचारायचं म्हणून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते तिला नंतर कधी आठवलं नाही.

‘तू टायफॉइडने पडली होतीस,’ ताई म्हणाली, ‘तेव्हा एकवीस दिवस तुझ्या उशाशी कोण होतं?’

‘ताई.’

‘मी होते. बाबा गेले तेव्हा कुणाच्या खांद्यावर रडलीस?’

धाकटीने यंत्राचा घोंगावणारा आवाज बंद केला.

‘सहा वर्षांत मी तुझं कधी मन दुखवलं का? नीट आठवून सांग.’

तिने आठवून बघितलं. तिथेच, त्या खुर्चीत, हात यंत्रावर असताना. आणि तिला रडू आलं, कारण एकही प्रसंग सापडला नाही. तिच्या आधीच्या ताईने तर हजारदा दुखवलं होतं. केस ओढले होते, चिठ्ठ्या वाचल्या होत्या, एकदा सबंध महिना अबोला धरला होता.

‘ती तिथे बेटावर आहे,’ धाकटी म्हणाली.

‘तू जाऊन ये,’ ताई म्हणाली. ती समजावणीच्या सुरात बोलत होती, लहान मुलाला औषध पाजताना बोलतात तशी. ‘त्रास काही होत नाही. आणि नंतर सगळ्यांना बरं वाटतं.’

तिने हेडफोन काढून खुंटीला अडकवले, दार आतून ढकललं आणि पर्स उचलली. जाताना वाटेतली सरकलेली खुर्ची तिने जागेवर नीट लावून ठेवली.

५

धाकटी तडक चष्म्याच्या दुकानात गेली. दोन गिऱ्हाइकं होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. भिंतभर मांडलेल्या चष्म्यांतून तिचीच छोटी छोटी तोंडं तिच्याकडे बघत होती. मग तिने त्याला सांगितलं की आपण दुसरीकडे जाऊ. डोंगरात जाऊ, कुठल्याही साध्या गावी जाऊ, किंवा घरीच राहू. बेट नको.

तो एका फ्रेमचा बारीक स्क्रू आवळत होता. त्याने मान वर केली नाही. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि तेच तिला खटकलं.

ताईंनी आधीच सांगून ठेवलंय, तो म्हणाला. शेवटच्या क्षणी तू कच खाशील, तेव्हा मी ठाम राहायचं.

तिने विचारलं, ताई आणखी काय म्हणाली? तो जरा अवघडला. मग प्रामाणिक माणूस म्हणून त्याने सांगूनही टाकलं. तिकडून आल्यावर तू निवळशील, असं त्या म्हणाल्या. तुझं सारखं प्रत्येक गोष्टीला का आणि कशाला विचारणं, भांडणं, रात्री चिडून फोन आपटणं, हे सगळं थांबेल. भाऊजींचाही तोच अनुभव आहे म्हणे.

‘आणि तुला काय वाटलं?’ तिने विचारलं.

‘मला बरं वाटलं,’ तो म्हणाला. ‘खोटं कशाला बोलू?’

त्याने फ्रेम कापडाने पुसली, प्रकाशात धरून बघितली. त्याला ठाऊक होतं का, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ठाऊक नसावं. पण त्याला ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. तिने त्याला लग्न होणार नाही असं सांगितलं. त्याने फ्रेम खोक्यात ठेवली आणि म्हणाला, घाई करू नकोस, ताईंशी एकदा बोल.

६

आता उरली आई. आई इस्त्री करत होती. खिडकीपाशी टेबलावर घोंगडी अंथरून, शेजारी धुतलेल्या चादरींचा ढीग. धाकटी दारातच उभी राहिली आणि दोन्ही आलेख तिने आईपुढे धरले, सहा वर्षांपूर्वीचा आणि आजचा. आईला त्यातलं काही कळणार नाही, म्हणून ती समजावून सांगू लागली. निळी फुली म्हणजे काय, तळ म्हणजे काय. गेलेला कान परत येत नाही, आणि म्हणून...

आईने कागद हातातही घेतले नाहीत. ती चादरीची घडी बोटाने सरळ करत राहिली.

‘मला कागद कशाला दाखवतेस?’ ती म्हणाली. ‘मला पहिल्याच दिवशी कळलं. दारातून आत आली आणि चपला काढून जोडीने लावून ठेवल्या. पंचवीस वर्षं त्या पोरीने या घरात चपला भिरकावल्या होत्या.’

धाकटी चादरींच्या ढिगावरच बसली.

‘जन्म दिलाय मी तिला. मला नाही कळणार?’ आई म्हणाली.

मग तू काही केलं का नाहीस, असं धाकटीने विचारलं. आईने इस्त्री उभी केली. ती काही रडली नाही, की रागावली नाही. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी विचारलं म्हणून सांगायला मिळाल्यासारखी ती बोलत गेली. महिनाभर वाट बघितली म्हणाली. वाटलं, कुणीतरी येईल, दार वाजवेल, सांगेल की बाई, चूक झाली, ही घ्या तुमची मुलगी. रोज कान दाराकडे असायचे. कुणी आलं नाही. आणि तोवर ही रोज फोन करायला लागली. एक दिवस तिने विचारलं, आई, दमलीस का गं.

‘तोपर्यंत मला कुणीच असं विचारलं नव्हतं,’ आई म्हणाली. ‘त्या पोरीने नाही. तूही नाही.’

इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज झाला. धाकटीने विचारलं, आणि माझं? ताईने मला तिथेच पाठवायचं ठरवलं, तेव्हाही तुला माहीत होतं?

आईने पुढची चादर घेतली. तिची दोन टोकं जुळवली.

‘तूसुद्धा काही कमी हट्टी नाहीस,’ ती म्हणाली.

खोलीत उन्हाचा कवडसा चादरीवरून हळूहळू सरकत होता. धाकटी त्याच्याकडे बघत बसली. आपल्याच घरात आपण पाहुण्यासारखे अवघडून बसलोय, असं तिला वाटलं. मग तिने सांगितलं की ती पुढच्या आठवड्यात मंगळवारी एकटीच बेटावर जाणार आहे. बोट अर्धा तास थांबते. तेवढ्यात ताईचा हात धरून तिला चढवायचं आणि त्याच बोटीने परत. राहायचं नाही, पाणी प्यायचं नाही, धक्क्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही.

आई आपल्याला अडवेल असं तिला वाटलं होतं. निदान हाताला धरून एकदा नको म्हणेल.

‘परत कधी येशील?’ आईने विचारलं. मान न वळवता, जेवायला थांबायचं का हे विचारावं तसं.

७

बोट अकराला पाच कमी असताना लागली. समुद्र ताटासारखा सपाट होता. फोटोत होतं तसंच सगळं होतं. पाच लाकडी घरं, माड, झोपाळे, पांढरी वाळू. दोन नवी जोडपी हातात हात घालून उतरली. खलाशाने सगळ्यांना बजावलं, माणसं मोजून बोट सुटते, आकडा जुळला की मी थांबत नाही.

धाकटी पिवळा ड्रेस घालून आली होती, लांबून ओळखू यावी म्हणून. तिला शोधाशोध करावीच लागली नाही. धक्क्याच्या टोकाशी, एका पालथ्या होडीला टेकून एक बाई झोपाळ्याची फाटकी जाळी दुरुस्त करत बसली होती. उन्हाने रापलेली. केस खांद्यापर्यंत वेडेवाकडे कापलेले. चपला दोन दिशांना पडलेल्या. धाकटी तिच्या मागून गेली, पण बाईने वळून पाहिलं नाही. मग धाकटी वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभी राहिली.

ताईने मान वर केली. तिच्या डोळ्यांत ओळख होती. आनंद नव्हता.

‘आज पिवळा घातलास होय,’ ती म्हणाली. ‘मागच्या खेपेला निळा होता.’

धाकटीने गुडघे टेकले. ती भराभर बोलत सुटली. मी पहिल्यांदाच आलेय, मला आताच कळलं, फोनवर तूच होतीस ना, ऊठ, बोट उभी आहे, अजून वीस मिनिटं आहेत. तिने हात पुढे केला. ताईने आपला हात जाळीखाली ओढून घेतला.

‘तू दर वेळी हेच म्हणतेस,’ ती म्हणाली. ‘पहिल्यांदा मी तुझ्याबरोबर धावत बोटीपर्यंत गेले होते. गळ्यात पडून रडले होते. तू मला तिथे उभी केलीस आणि एकटीच चढलीस.’

‘ती मी नव्हते गं.’

‘असं ती पण म्हणाली होती.’

धाकटीने तिला लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. गालगुंडं, अबोल्याचा महिना, चोरून वाचलेल्या चिठ्ठ्या. ताई ऐकत राहिली. तिने गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. ती म्हणाली, तुझं रूप घेऊन येतात त्यांना हे सगळं पाठ असतं. माझ्यापेक्षा जास्त. तू खरी असशीलही. पण मी आता कुणाला खरं म्हणत नाही. तेवढं बळ राहिलं नाही माझ्यात.

मागे भोंगा वाजला. धाकटी दचकून उभी राहिली. तिने घड्याळात पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अर्धा तास झालेला नव्हता, आणि ती अजून चढलीही नव्हती. तिच्यावाचून आकडा जुळणार कसा? ती हात हलवून ओरडली. खलाशाने दोर सोडला. तिने पुन्हा हाक मारली. धक्क्यात आणि बोटीत आता दोन हातांचं अंतर पडलं होतं, मग दहा हातांचं.

‘त्याचा आकडा जुळलाय,’ ताई म्हणाली. प्रथमच तिच्या आवाजात काहीतरी हललं. ती उठली होती. डोळ्यांवर हात धरून बोटीकडे बघत होती, मग तिने धाकटीकडे बघितलं, मग पुन्हा बोटीकडे. ‘तू जर इथे आहेस, तर ती कोण?’

बोटीच्या मागच्या बाकावर एक बाई पाठमोरी बसली होती. ड्रेस पिवळा. दोन्ही हातांनी ती वाऱ्याने विस्कटलेले केस गोळा करत होती. केस बांधून झाल्यावर तिने पायांतल्या चपला काढल्या, जोडीने बाकाखाली लावल्या, आणि मांडीवर हात ठेवून सरळ बसली. तिने मागे वळून बघितलं नाही. बोट वळली आणि उन्हात दिसेनाशी झाली.

ताईने धाकटीचा हात घट्ट धरला. तिला आता पटलं होतं, आणि आता पटून काही उपयोग नव्हता. दोघी धक्क्यावर उभ्या राहिल्या. धाकटीच्या मनात घराचं दार आलं, आणि दारात उभी असलेली आई. आईला बघताक्षणी कळेल. ती आत बोलावेल, पाणी देईल, प्रवासाचं विचारेल.

आणि गप्प बसेल.